तेवीस देश, तेवीस ‘एक खिडक्या’

१ जून २०१५ ही युरोपीय बंदरांना दिलेली मुदत होती. त्या दिवसापासून युरोपीय संघातल्या कुठल्याही बंदरात येणाऱ्या किंवा तिथून सुटणाऱ्या जहाजाची सगळी सरकारी वर्दी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आणि त्या देशाच्या एकाच खिडकीत, म्हणजे एकाच संगणकीय ठिकाणी, घ्यायची, असं २० ऑक्टोबर २०१० च्या २०१०/६५ क्रमांकाच्या निर्देशाने ठरवलं होतं. २०१५ मध्ये संघात अठ्ठावीस देश होते. त्यांतल्या पाचांना समुद्रकिनाराच नाही. उरलेल्या तेवीस देशांनी एकेक खिडकी उघडायची होती.

उघडल्याही. काहींनी वेळेवर, काहींनी रखडत. पण जहाजावरच्या माणसाचं आणि बंदरावर जहाजाची कामं पाहणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात बसलेल्या माणसाचं काम फारसं कमी झालं नाही. मुदत संपून तीन वर्षं होतात न होतात तोच, १७ मे २०१८ रोजी, युरोपीय आयोगाने हा निर्देश मोडीत काढून नवा नियम करायचा प्रस्ताव मांडला. २० जून २०१९ ला तो नियम झाला आणि जुना निर्देश १५ ऑगस्ट २०२५ पासून रद्द झाला.

सरकारी संगणक प्रकल्प फसतात, त्यात नवल नाही. हे प्रकरण मला वेगळं वाटतं ते अशासाठी की इथे कुणी कामचुकारपणा केला म्हणून बिघडलं असं म्हणता येत नाही. उघड विरोध कुणाचा नव्हता आणि तंत्रज्ञान तर साधंच होतं. बहुतेक देशांनी कायद्यात लिहिलेलं काम केलं. ते सगळं एकत्र आलं तेव्हा जहाजाच्या बाजूने हिशेब जुळला नाही.

जहाजाकडून काय काय मागतात

जहाज बंदरात येतं म्हणजे एकाच वेळी सहा-सात खात्यांच्या दारात येतं. बंदर प्रशासनाला बर्थची (जहाज लावायच्या जागेची) आणि पायलटची (जहाज आत आणणाऱ्या वाटाड्याची) सोय करायची असते. कस्टम्सला माल हवा, इमिग्रेशनला माणसं, पोर्ट हेल्थला आजारपणं, सुरक्षा यंत्रणेला जहाज आधी कुठे कुठे गेलं होतं ते. जहाजांची तपासणी करणाऱ्या खात्याला प्रमाणपत्रं पाहायची असतात आणि कचरा उतरवून घेणाऱ्यांना टाक्यांत किती तेलकट पाणी साठलंय ते आधी कळायला लागतं.

हा पसारा आवरायचा पहिला मोठा प्रयत्न १९६५ चा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, त्या वर्षी ९ एप्रिलला ‘फाल’ नावाचा करार केला आणि तो ५ मार्च १९६७ पासून लागू झाला. त्यातून जगभर सारखे असे सात फॉर्म रूढ झाले: जनरल डिक्लरेशन, कार्गो डिक्लरेशन, जहाजावरच्या स्टोअर्सची यादी, खलाशांच्या वैयक्तिक सामानाची यादी, क्रू लिस्ट, पॅसेंजर लिस्ट आणि धोकादायक मालाची यादी. एजंटाचा बोर्डिंग क्लार्क बगलेत फाइल मारून लाँचमधून जहाजावर जायचा आणि परतताना त्या फाइलमध्ये याच सात फॉर्मांच्या सही-शिक्क्याच्या प्रती असायच्या. कागद पुष्कळ होता, पण एक गोष्ट चांगली होती. न्हावा शेवाची क्रू लिस्ट आणि रॉटरडॅमची क्रू लिस्ट दिसायला सारखीच. कॉपी काढली की झालं.

आता न्हावा शेवाहून निघून रॉटरडॅम, अँटवर्प आणि हँबर्ग करणारं एक कंटेनर जहाज घेऊ. युरोपच्या कस्टम्सला हवी असलेली मालाची सुरक्षा-घोषणा बॉक्स, म्हणजे कंटेनर, जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी जायला लागते. म्हणजे ते काम जहाज उरणसमोर असतानाच, किंबहुना त्याच्याही आधी, झालेलं असतं. मोठ्या लाइन्सच्या, म्हणजे जहाज कंपन्यांच्या, बाबतीत ते मुंबई, पुणे किंवा चेन्नईच्या एखाद्या डॉक्युमेंटेशन सेंटरमध्ये रात्रपाळीत होतं. पुढे युरोप जवळ आला की घड्याळ सुरू. ज्या जहाजांची सविस्तर तपासणी होऊ शकते त्यांनी ७२ तास आधी कळवायचं. येण्याची वर्दी, धोकादायक माल, कचरा, सुरक्षेचा फॉर्म आणि क्रू लिस्ट २४ तास आधी. सुरक्षेच्या फॉर्मात आधीची दहा बंदरं तारखांसकट भरायची. प्रवासच २४ तासांपेक्षा कमी असेल तर आधीचं बंदर सोडतानाच वर्दी द्यायची.

नकाशा डोळ्यांपुढे आणला की यातली गंमत कळते. रॉटरडॅमच्या आधीचे २४ तास म्हणजे इंग्लिश खाडी आणि डोव्हरची सामुद्रधुनी, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. कप्तानाने ब्रिजवर डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं, नेमक्या त्याच वेळी कागदांची वेळ येते. रॉटरडॅमहून अँटवर्प काही तासांवर, आणि हँबर्गही फार दूर नाही. म्हणजे त्याच वीस-बावीस माणसांची तीच क्रू लिस्ट दोन-चार दिवसांत तीन देशांना द्यायची. माणसं बदललेली नाहीत, त्यांचे पासपोर्ट बदललेले नाहीत, जहाजाचं टनेज तर बदलायचा प्रश्नच नाही. प्रत्येक खिडकीत मात्र सगळं नव्याने.

निर्देशात काय होतं आणि काय नव्हतं

युरोपीय संघात ‘निर्देश’ आणि ‘नियम’ हे कायद्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि या प्रकरणाची मेख तिथेच आहे. निर्देश फक्त उद्दिष्ट सांगतो. ते कसं गाठायचं हे प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात बसवायचं. नियम मात्र जसाच्या तसा सगळीकडे लागू होतो. २०१० मध्ये निवडला तो निर्देश.

त्यात खिडकी हवी हे होतं, मुदत होती, आणि एकदा दिलेली माहिती देशातल्या सगळ्या संबंधित खात्यांना मिळावी अशी अपेक्षाही होती. खिडकी ‘सेफसीनेट’ला जोडायची होती. सेफसीनेट ही युरोपीय देशांनी आपसांत जहाजांची माहिती देण्याघेण्यासाठी उभारलेली यंत्रणा. ती लिस्बनमधली युरोपीय सागरी सुरक्षा संस्था चालवते. ही संस्थाच मुळी १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाल्यानंतर जन्माला आली. म्हणजे देशादेशांत माहिती पोहोचवायची नळी तयार होती.

पण जहाजाने खिडकीत कुठले रकाने भरायचे, ते कुठल्या स्वरूपात, कुठल्या संदेशातून, यावर निर्देश गप्प होता. त्याची पुरवणी तीन भागांत होती. पहिल्यात युरोपीय कायद्यांखाली द्यायची माहिती, दुसऱ्यात फालचे फॉर्म आणि आरोग्याची घोषणा, आणि तिसऱ्या भागात प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यांनुसार लागणारी माहिती. हा तिसरा भाग म्हणजे मागचं दार होतं. ज्याला जे जास्तीचं हवं होतं त्याने ते तिथून आत आणलं, आणि सगळं कायदेशीर.

मग ज्याने त्याने आपापल्या घडीप्रमाणे खिडकी बांधली. फिनलंडकडे पोर्टनेट आधीपासूनच होतं, त्यांना फार काही करावं लागलं नाही. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅमच्या दोन यंत्रणा २००९ मध्ये एक होऊन पोर्टबेस तयार झालं होतं आणि तिथल्या एजंटांचा हात त्यावर बसलेला होता. सरकारी खिडकी त्याच्या पाठीमागे उभी राहिली. ब्रिटन तेव्हा संघातच होता. तिथल्या यंत्रणेत एक्सेलची ठरावीक वही भरून अपलोड करायची सोय होती. एक्सेलला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. पण भर समुद्रात, उपग्रहाचं इंटरनेट रांगत असताना, ऑफलाइन भरता येणारी एक्सेलची वही ही चकचकीत वेबसाइटपेक्षा कितीतरी बरी, हे जहाजावरचा कुठलाही थर्ड ऑफिसर सांगेल.

सर्वांत गुंतागुंतीचं प्रकरण जर्मनीचं. जर्मनी संघराज्य आहे आणि बंदरं राज्यांच्या अखत्यारीत येतात. हँबर्ग आणि ब्रेमेन ही तर शहर-राज्यंच आहेत, आणि त्यांचं बंदराच्या धंद्यातलं वैर शतकांचं. जलपोलीस राज्यांचे, पोर्ट हेल्थ राज्यांचं, बंदर प्रशासन राज्यांचं. कस्टम्स मात्र केंद्राचं. हँबर्गची स्वतःची पोर्ट कम्युनिटी सिस्टिम (बंदरातल्या सगळ्यांची सामायिक संगणक यंत्रणा), ब्रेमेनची वेगळी. अशा देशाने राष्ट्रीय खिडकी उघडली ती मधोमध एक गाभा ठेवून आणि या जुन्या यंत्रणांनाच त्याची दारं बनवून. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचं होतं. चालत असलेलं मोडायचं नाही, हा बंदरांवरचा पहिला नियम आहे. पण बाहेरून येणाऱ्याला ‘एक खिडकी’ ऐकून जे चित्र दिसतं, ते हे नव्हे.

वेगवेगळी वाट धरल्याने काय होईल याची कल्पना कुणालाच नव्हती असंही नाही. मुदत संपायच्या आत सगळ्यांनी निदान संदेशांचा साचा तरी एक ठेवावा म्हणून संघाच्या पैशाने ‘ॲना’ नावाचा सामायिक प्रकल्प झाला. बंदर-मंजुरीच्या इलेक्ट्रॉनिक संदेशांसाठी आयएसओ २८००५ हे प्रमाणही उपलब्ध होतं. पण प्रमाण वापरणं ऐच्छिक होतं. आणि मुदत डोक्यावर असताना कुठलाही प्रकल्प-अधिकारी ऐच्छिक गोष्टीला हात लावत नाही.

रकान्यांचा घोळ

बिघाड समजून घ्यायला खिडकीकडे पाहून उपयोग नाही. एकेका रकान्याकडे पाहावं लागतं.

‘ईटीए’ घ्या, जहाज पोहोचण्याची अपेक्षित वेळ. साधा रकाना. पण पोहोचण्याची म्हणजे कुठे पोहोचण्याची? नांगर टाकायच्या जागी, पायलट चढतो तिथे, की बर्थला? न्हावा शेवाला यात काही तासांचा फरक पडतो. हँबर्ग तर समुद्रापासून शंभरएक किलोमीटर आत, एल्ब नदीवर आहे. पायलट चढल्यावरही बर्थ गाठायला अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि भरतीची वाट पाहायची असेल तर आणखी. बंदराला बर्थची वेळ हवी, सीमा पोलिसांना जहाज हद्दीत कधी येतं ते हवं. दोघांच्याही फॉर्मात रकान्याचं नाव एकच. आणि वेळ स्थानिक की जागतिक? न्हावा शेवाच्या ऑफिसात बसून हॉलंडची उन्हाळी वेळ भरणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो.

क्रू लिस्टचं तर विचारूच नका. फालच्या फॉर्मात आडनावाचा एक रकाना आणि दिलेल्या नावांचा एक. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या खलाशाच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या जागी बहुतेक वेळा त्याचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, कधी तीच, कधी वडिलांचं गाळून. दाक्षिणात्य किंवा इंडोनेशियन खलाशाला कधीकधी आडनावच नसतं. कागदावर तिथे आडवी रेघ मारून कप्तान सही करायचा आणि इमिग्रेशनचा माणूस पासपोर्ट पाहून पुढे जायचा. संगणकात रकाना सक्तीचा असला की आडवी रेघ चालत नाही. मग कुणी तेच नाव दोनदा टाकतं, कुणी तिथे नुसते एक्स टाकतं. एका देशाला एक्स चालतो, दुसऱ्याची यंत्रणा तो परत पाठवते. माणूस तोच, पासपोर्ट तोच, आणि सलग दोन बंदरांत त्याची नोंद दोन नावांनी.

धोकादायक मालाच्या यादीत संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक असतो आणि तो तरी सगळीकडे एकच आहे. तिथे वाद पुढच्या रकान्यांवरून: पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी) हवा की नको, बॉक्सची जहाजावरची जागा कुठल्या पद्धतीने लिहायची, आणि जे बॉक्स या बंदरात उतरणारच नाहीत त्यांचा तपशील किती द्यायचा.

याच्या उलट उदाहरण आयएमओ क्रमांकाचं. सात आकडी, शेवटचा आकडा तपासणीचा. जहाजाचं नाव बदलो, झेंडा बदलो, मालक बदलो, हा क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो एकदा दिला की टनेज, लांबी, बांधणीचं वर्ष हे सगळं यंत्रणेला स्वतःहून काढता यायला हवं. तरीही जनरल डिक्लरेशनमध्ये ग्रॉस टनेज आणि नेट टनेज प्रत्येक खेपेला भरायचं. आपल्याकडे आधार क्रमांक जोडूनही वर आधारची झेरॉक्स मागतात, त्यातलाच हा प्रकार.

या सगळ्याची जबाबदारी कुणाची? कुणाचीच नाही, आणि म्हणून ते तसंच राहिलं. प्रत्येक खात्याचा आपल्या रकान्यावर कायदेशीर हक्क होता. खिडकी चालवणाऱ्या संस्थेकडे माहिती पुढे ढकलायचा अधिकार होता, पण ‘हा रकाना काढा’ किंवा ‘तुमचा आणि कस्टम्सचा अर्थ एक करा’ असं सांगायचा नव्हता. टपाल खात्याने पत्रातला मजकूर सुधारावा अशी अपेक्षा कशी करायची? निर्देशाने देशाला एक टपालपेटी दिली होती. पत्रं लिहिणारे तेच राहिले.

कस्टम्सचं प्रकरण तर आणखी वेगळं. मालाच्या घोषणांसाठी त्यांच्या स्वतःच्या युरोपव्यापी यंत्रणा होत्या, स्वतःचा कायदा होता, आणि बोलायचा स्वर असा की बंदरवाल्यांनी बंदर पाहावं. यात त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. चुकीच्या मॅनिफेस्टमुळे, म्हणजे मालाच्या यादीमुळे, बुडणारा महसूल त्यांचा असतो. पण कस्टम्स बाहेर राहिलं की खिडकीतून निम्मं जहाज बाहेरच राहतं, कारण कंटेनर जहाजाच्या माहितीचा मोठा भाग मालाचाच असतो.

तुलनेसाठी सिंगापूर नेहमी पुढे केलं जातं. २०१९ मध्ये तिथल्या सागरी प्राधिकरणाने डिजिटलपोर्ट आणलं आणि जहाजाच्या मंजुरीचे सोळापर्यंत वेगवेगळे फॉर्म एका अर्जात आणले. कौतुक करावं असंच काम आहे. पण सिंगापूर म्हणजे एक शहर, एक सरकार आणि एक बंदर प्राधिकरण. तिथे जमलं म्हणून हँबर्ग-ब्रेमेनला जमायला हवं, हा युक्तिवाद परिषदांच्या व्यासपीठावर शोभतो, ऑफिसात नाही.

दुसरा डाव

२०१८ मध्ये आयोगापुढे ढोबळ दोन वाटा होत्या. एक, सगळ्या युरोपसाठी एकच मध्यवर्ती खिडकी. दुसरी, देशांच्या खिडक्या ठेवायच्या पण आत शिरायचं दार सगळीकडे सारखं करायचं. पहिली वाट जहाजवाल्यांना हवी होती. तिच्यात पैसा खर्च करून नुकत्याच बांधलेल्या तेवीस खिडक्या फेकून द्याव्या लागल्या असत्या. दुसरी निवडली गेली. २०१९ चा नियम, क्रमांक १२३९, म्हणून निर्देश नाही, नियम आहे. नऊ वर्षांत झालेला खरा बदल मला तरी हाच वाटतो.

नव्या रचनेत आयोगाने एक सामायिक सॉफ्टवेअर मॉड्यूल बनवायचं आणि ते प्रत्येक देशाने आपल्या खिडकीला बसवायचं. जहाजाच्या किंवा एजंटाच्या यंत्रणेला त्यामुळे सगळीकडे एकाच भाषेत बोलता येतं. जहाजांचा, ठिकाणांचा, धोकादायक पदार्थांचा आणि जहाजाच्या आरोग्य-प्रमाणपत्रांचा सामायिक माहितीसाठा. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व, आणि ते फक्त एका देशापुरतं नाही: आधीच्या युरोपीय बंदराला दिलेलं पुढच्या बंदराने शक्य तिथे वापरायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागता येणाऱ्या रकान्यांची एकच सक्तीची यादी. तिच्याबाहेरचं देशाने सहसा मागायचं नाही, मागायचं असेल तर आयोगाकडे जाऊन परवानगी आणायची. जुन्या पुरवणीच्या तिसऱ्या भागाला लावलेलं हे कुलूप.

या यादीला किती वेळ लागला, ते पाहण्यासारखं आहे. नियम २०१९ च्या उन्हाळ्यात झाला, अंमल १५ ऑगस्ट २०२५ पासून, म्हणजे हाताशी सहा वर्षं. रकान्यांची यादी ज्या पूरक नियमाने पक्की झाली तो २०२३ चा आहे, २०५ क्रमांकाचा. निम्म्याहून जास्त वेळ रकान्यांचे अर्थ ठरवण्यात गेला आणि सॉफ्टवेअर लिहायला उरला त्याहून कमी. प्रकल्प-आराखडा करणाऱ्या कुठल्याही सल्लागाराने हे प्रमाण उलटं मांडलं असतं. २०१० मध्ये तेच तर झालं होतं.

दरम्यान आयएमओनेही दोर आवळले होते. फाल करारातल्या दुरुस्तीने ८ एप्रिल २०१९ पासून जहाज आणि सरकार यांच्यातली माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देणंघेणं सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक झालं, आणि २०२२ च्या दुरुस्तीने १ जानेवारी २०२४ पासून सागरी एक खिडकीच सक्तीची झाली. जागतिक सीमाशुल्क संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांच्यासोबत आयएमओ रकान्यांचा एक सामायिक कोश सांभाळते. युरोपच्या यादीला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं, आणि तेही बरंच झालं. नाहीतर जहाजाला युरोपसाठी एक आणि बाकी जगासाठी दुसरा कोश ठेवावा लागला असता.

१५ ऑगस्ट २०२५ उजाडला तेव्हाही सगळ्या देशांच्या खिडक्या तयार नव्हत्या. मालाची आगाऊ सुरक्षा-घोषणा कस्टम्सच्या स्वतंत्र युरोपीय यंत्रणेतूनच जाते, तिची नवी आवृत्ती २०२४ पासून सागरी वाहतुकीला लागू होऊ लागली. म्हणजे दुसरा डावही निर्भेळ यश म्हणावा असा नाही. पण यावेळी उशीर कुणामुळे होतोय ते बोट ठेवून सांगता येतं. पहिल्या डावात तेवीसही देश आपण काम केल्याचं सांगू शकत होते.

भारताच्या बाजूने पाहताना

आपल्याकडे इंडियन पोर्ट्स असोसिएशनने डिसेंबर २०१८ मध्ये पोर्ट कम्युनिटी सिस्टिमची नवी आवृत्ती, ‘पीसीएस वन एक्स’, आणली. जानेवारी २०२३ मध्ये तिची जागा घ्यायला नॅशनल लॉजिस्टिक्स पोर्टलचा सागरी भाग आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय बंदर मंत्रालयाने मुंबईत ‘वन नेशन, वन पोर्ट प्रोसेस’ जाहीर केलं. त्यात कंटेनरच्या कामातली कागदपत्रं १४३ वरून ९६ वर आणि बल्क (सुट्या) मालाची १५० वरून १०६ वर आणल्याचं सांगितलं गेलं. आकडे चांगले आहेत. युरोपचं प्रकरण वाचल्यावर मात्र पहिला प्रश्न मनात येतो तो कागद किती गेले हा नाही, तर उरलेल्या ९६ मध्ये एकच रकाना किती वेळा आहे हा.

कस्टम्स आणि बंदर यांच्या दोन वेगळ्या संसारांचं आपलं उदाहरण म्हणजे सागरी मालाच्या मॅनिफेस्टची २०१८ ची नियमावली. १९७१ आणि १९७६ च्या जुन्या नियमावल्यांच्या जागी ती ११ मे २०१८ रोजी अधिसूचित झाली, आणि मग तिची अंमलबजावणी इतक्यांदा पुढे ढकलली गेली की धंद्यातल्या लोकांनी मुदतवाढीच्या परिपत्रकाची वाट पाहायची सवयच लावून घेतली. कारण तंत्रज्ञान नव्हतं. लाइन, फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा), कस्टम्स ब्रोकर आणि टर्मिनल यांच्यापैकी कुणी कुठला रकाना भरायचा आणि चुकला तर कुणाच्या माथी, हे जागेवर बसत नव्हतं. लाइनने टाकलेला एक आणि फॉरवर्डरने टाकलेला दुसरा, असे दोन बिल ऑफ लेडिंग (मालाची जहाज-पावती) क्रमांक यंत्रणेत जुळले नाहीत की बॉक्स यार्डात अडकतो. त्याचं भाडं कुणी भरायचं यावरून होणारी फोनाफोनी ज्याने केलीय त्याला रॉटरडॅमचा एजंट काय म्हणतो ते लगेच समजेल.

आणि जर्मनीचा पेच तर आपल्या घरातलाच आहे. राज्यघटनेत प्रमुख बंदरं केंद्राच्या सूचीत आहेत आणि बाकीची समवर्ती सूचीत. जवाहरलाल नेहरू बंदर (म्हणजेच न्हावा शेवा), मुंबई, मुरगाव ही केंद्राची. जयगड, दिघी, धरमतर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, गोव्यातली लहान बंदरं तिथल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या खात्याकडे, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी बंदरांपैकी एक असलेलं मुंद्रा कायद्याच्या भाषेत प्रमुख बंदरच नाही, ते गुजरात मेरिटाइम बोर्डाच्या हद्दीत येतं. राष्ट्रीय खिडकी केंद्राने बांधायची आणि निम्म्या मालाची बंदरं राज्यांच्या यंत्रणेत, ही रचना आहे तोवर हँबर्ग-ब्रेमेनची गोष्ट आपल्याला परकी म्हणता येणार नाही.

म्हणून आपली खिडकी तपासायची असेल तर मी डॅशबोर्ड पाहणार नाही. मुंद्रा, न्हावा शेवा, कोचीन असा नेहमीचा फेरा करणारं एक जहाज धरावं. मुंद्राला भरलेली क्रू लिस्ट, सुरक्षेच्या फॉर्मातली दहा बंदरं आणि धोकादायक मालाची यादी न्हावा शेवाच्या एजंटाला पुन्हा टाइप करावी लागली का, आणि मुंद्राला खपलेलं एका आडनावाचं स्पेलिंग न्हावा शेवाला परत आलं का, एवढं त्याच्या वॉटर क्लार्कला, म्हणजे जहाजावर ये-जा करणाऱ्या एजंटाच्या माणसाला, विचारावं.